उताराचा उजेड

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायला लागलं की तोंड दक्षिणेकडे आणि सकाळचं ऊन डाव्या हाताला. आपल्याकडे चालक बसतो उजवीकडे. त्यामुळे चढताना ऊन रिकाम्या सीटवर पडतं आणि स्टिअरिंग धरलेला माणूस काळोखात राहतो. वळणावळणाला हे थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशेब तोच. चेहरा हवा असेल तर तो उतरताना टिपायचा. आणि जुनी गाडी घाट उतरवणं हे चढवण्यापेक्षा जोखमीचं काम. आमचं सगळं चित्रीकरण या एका अडचणीभोवती फिरत राहिलं.

गाडी डुक्कर फियाट. इटलीत १९५३ साली फियाटचं ११००-१०३ हे मॉडेल आलं आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते कुर्ल्याच्या कारखान्यातून भारतात आणलं. फुगीर अंग, पुढे काढलेलं नाक, त्यावरून मुंबईकरांनी नाव ठेवलं ते कायमचंच. पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मधल्या खांबाला. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मालकांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. वडिलांनी घेतलेली गाडी त्यांनी विकली नाही. आता नातवंडांसाठी तिची एक छोटी फिल्म करून ठेवायची होती. कॅमेरा सांभाळायला जळगावचा एक तरुण आला, जो लग्नसराईत रात्रंदिवस मांडवात उभा असतो आणि भाद्रपदात जरा मोकळा होतो.

भाद्रपद निवडला तो त्याच्या मोकळेपणासाठी नव्हे. खानदेश दोन डोंगरांच्या मधे आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. सातपुड्याची आपल्याकडची बाजू दक्षिणेला तोंड करून आहे, तिच्यावर हिवाळाभर ऊन असतं. सातमाळ्याचे कडे मात्र उत्तरेला तोंड करून उभे. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात, त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि हे कडे थेट मार्चपर्यंत सावलीत जातात. दिवाळीत कन्नडच्या घाटात फोटो काढून आलेल्यांचे डोंगर काळेनिळे का दिसतात, याचं कारण एवढंच. हिरवं गवत आणि कड्यावर पडणारं तिरपं ऊन एकत्र मिळायचं तर पाऊस उघडल्यापासून त्या तारखेपर्यंतचे मोजके दिवस हातात असतात.

या घाटाचं कागदोपत्री नाव औट्रम घाट. जेम्स औट्रम १८२५ साली खानदेशात आला, धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि पुढे बराच मोठा झाला. घाटाच्या आजूबाजूचं जंगल १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून राखलेलं. म्हणजे रस्ता सोडून आत शिरायचं किंवा ड्रोन उडवायचा तर वनखात्याची परवानगी हवी. आम्ही ड्रोनचा नाद सोडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हल्ली प्रत्येक घाट वरूनच बघायची सवय लागली आहे, आणि वरून बघितलं की चढ दिसतच नाही.

एक सोय मात्र अलीकडची आहे. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने इथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. एरवीही धुळे-सोलापूर महामार्गाचे ट्रक या अरुंद वळणांवर अडकले की माणसं रात्र रात्र गाडीत काढायची. ऑगस्ट २०२३ पासून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला. ट्रकांची रांग असती तर सत्तरीच्या घरातली फियाट वळणावर थांबवून ‘नाना, जरा मागे घ्या’ म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

चढण सुरू झाली आणि पहिल्याच मोठ्या वळणानंतर इंजिनाने आचके द्यायला सुरुवात केली. नानांनी गाडी कडेला घेतली, उतरून चाकामागे दगड लावला आणि बॉनेट उघडलं. घाई नाही, चिडचिड नाही. या गाडीत पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत खेचायला एक छोटा यांत्रिक पंप असतो, गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणतात. तो इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाचा आतला पडदा हलत राहिला तरी वाफेला ढकलत नाही. कार्बोरेटर उपाशी राहतो. उपाय जुनाच आहे. नानांनी पायाशी ठेवलेल्या बादलीतलं फडकं पिळून पंपावर गुंडाळलं. फडक्यातून वाफ निघाली. दुसऱ्यांदा भिजवून गुंडाळलं, तेव्हा निघाली नाही.

“काय जायं भो?” मोटारसायकलवरून जाणारा एकजण थांबला.

“काही नही, तपी गई.”

“पानी टाका ना मग.”

“पंपवर टाकं. इंजिनवर टाकं तं तडकी जाई.”

त्या माणसाने मोटारसायकल स्टँडला लावली, बॉनेटमध्ये वाकून पाहिलं, आपल्या मामाकडे अशी एक होती असं सांगितलं. प्रत्येक थांब्यावर कुणाच्या ना कुणाच्या मामाकडे अशी एक होतीच.

नानांचा राग आहे तो पेट्रोलवर. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे आल्यापासून हा त्रास वाढला असं ते म्हणतात. इथेनॉल मिसळलं की पेट्रोलची वाफ लवकर होऊ शकते आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या त्यांनी बदलून घेतल्या आहेत, तरी जुना पडदा डिकीत फडक्यात बांधून ठेवलेला असतोच.

तोवर कॅमेरावाल्याने आपलं ठाण मांडलं. पुढे एक पिकअप, तिचा मागचा फाळका पाडलेला, हा पट्ट्याने बांधून घेऊन काठाशी बसलेला, कॅमेरा जिम्बलवर. मला वाटलं होतं भर उन्हात चित्र लख्ख येईल. त्याने भिंगावर गडद काच चढवली. कारण विचारलं तर त्याने आकडे सांगितले. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली तर सेकंदाला ११ मीटर जाते. शटर सेकंदाच्या एक पन्नासांशाला ठेवलं तर तेवढ्यात ती २२ सेंटीमीटर पुढे सरकते. जागच्या कॅमेऱ्यात तेवढी ती पुसट होते, आणि कॅमेरा तिच्याबरोबर धावत असेल तर तेवढा रस्ता आणि कठडा पुसट होतो. ती पुसटता हाच वेग. उन्हापायी शटर एक हजारांशावर नेलं तर सरक जेमतेम एक सेंटीमीटर. मग प्रत्येक खडा स्वच्छ दिसतो, चाकं थरथरत उलटी फिरल्यासारखी दिसतात आणि गाडी कुणीतरी दोरीने ओढत असल्यासारखी वाटते. गडद काच शटरला सावकाश राहू देते.

त्याची खरी डोकेदुखी क्रोम ही होती. नानांनी पहाटेच उठून बम्पर आणि चाकांच्या वाट्या घासून आरसा केल्या होत्या, आणि त्या आरशात पिकअप, आम्ही सगळे, चहाचा थर्मास असं संपूर्ण बिऱ्हाड वाकडंतिकडं होऊन दिसत होतं. शेवटी पिकअपच्या मागच्या बाजूला काळं कापड ताणलं, भिंगापुरतं भोक ठेवलं. बम्परमध्ये मग फक्त आकाश, डोंगर आणि एक काळा चौकोन उरला. तो चौकोन सावली म्हणून खपून जातो.

मग उतार. नानांचा नियम असा की ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. इथे तो दुसरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकला फक्त वळणापुरतं काम राहतं. ड्रम ब्रेक तापले की ड्रम फुगतो, आतल्या लायनिंगची पकड सुटते आणि पाय फळीपर्यंत गेला तरी गाडी ऐकत नाही. कॅमेरावाल्याला दुसरा गिअर मानवत नव्हता. इंजिन ओरडतं, गाडी रांगते, पडद्यावर मिळमिळीत दिसतं.

“नाना, एवढा एक टप्पा तिसऱ्यात टाका ना.”

“तू टाक तुझ्या पिकअपला. माझी दुसऱ्यातच येईल.”

पोरगा हुशार. त्याने वाद घातला नाही. पिकअप सोडून तो कठड्याशी खाली बसला, रुंद भिंग लावलं आणि कॅमेरा डांबरापासून वीतभर उंचीवर धरला. रुंद भिंगाजवळून जाणारी वस्तू अचानक मोठी होते आणि तितक्याच अचानक निघून जाते. ताशी २५ ने उतरणारी फियाट त्या चौकटीत झपकन आली आणि गेली. वळणावर ऊन उजव्या काचेतून शिरलं, नानांचा चेहरा क्षणभर उजळला. जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबलेली. त्यांना दाखवल्यावर म्हणाले, हे तेवढं काढून टाक. काढलेलं नाही.

एक मुद्दा राहिला होता, पिवळे-काळे फलक आणि चकाकणारे रिफ्लेक्टर चौकटीत घ्यायचे की नाहीत. पोराला सगळं गाडीच्या काळातलं, १९५६ चं दिसायला हवं होतं. मला तो खटाटोप पटत नाही. गाडी आज चालते आहे, आजच्या रस्त्यावर. जुना काळ हुबेहूब हवाच असेल तर तो बंद खोलीत जास्त चांगला होतो. याच चाळीसगावात स्टेशनजवळच्या घरातून वर्षानुवर्षं बाहेर न पडता कलामहर्षी केकी मूस यांनी टेबलावर देखावे मांडून त्यांचे फोटो काढले. ‘चलती का नाम गाडी’च्या काळात, म्हणजे १९५८ च्या सुमारास, सिनेमातली बरीचशी मोटार स्टुडिओत उभीच असायची आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळायचा. धुळ्याजवळ लळिंगला आम्ही फिरून पाहिलं, किल्ला तसाच देखणा आहे, पण चौपदरी महामार्ग आणि मधला दुभाजक यांच्यात फियाट चुकून आल्यासारखी दिसते. तिथे कॅमेरा काढलाच नाही.

आवाज वेगळा घेतला, कारण चालत्या पिकअपवर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. संध्याकाळी घाटाखाली गाडी उभी करून एक माइक बॉनेटखाली, एक सायलेन्सरपासून हातभर अंतरावर. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने तो टाकताना होणारा करकर आवाज पोराला मुद्दाम हवा होता. नाना काही तो होऊ देईनात. डबल क्लच मारून मारून इतकी वर्षं त्यांनी तो टाळला, आता कॅमेऱ्यासाठी मुद्दाम दात घासायचे? शेवटी तो आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी प्रीमियर पद्मिनी गाडीचा वापरायचं ठरलं.

उरलेला भाग सातपुड्यात, रावेरकडून पालच्या रस्त्यावर, डिसेंबरात. तिथे ऊन दिवसभर डोंगरावर असेल, हवा गार असेल आणि पंप फारसा तापणार नाही. तोही अभयारण्याचा भाग, परवानगीचा अर्ज आत्तापासूनच करायचा आहे. मी मधल्या काळात गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करून घ्यायचं सुचवलं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल असल्या ठरलेल्या कामांनाच रस्त्यावर आणायची. नानांनी मान हलवली. दर पाच वर्षांनी पासिंग करून जुनाच नंबर चालू ठेवतात, तेच बरं. महिन्यातून एकदा तिला बाजाराला न्यायची असते, आणि पालला जायचं तर येताना फैजपूरकडून भरताची वांगी आणायची आहेत, ती कोणत्या कलमात बसतात?