लोणार सरोवरातील विनॉक्सी जीवाणूंची ओळख : जैवरासायनिक कसोट्यांच्या मर्यादा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर होय. त्यातील पाणी खारे व अल्कधर्मी असून त्याचा सामू 10 च्या आसपास असतो. तळाच्या काळ्या गाळात ऑक्सिजनविना वाढणारे, म्हणजेच विनॉक्सी, जीवाणू नांदतात. त्यांची ओळख पटविण्यासाठी प्रयोगशाळेत ज्या जैवरासायनिक कसोट्या योजल्या जातात, त्या मुख्यतः रुग्णांच्या नमुन्यांतील जीवाणूंसाठी व उदासीन सामूच्या माध्यमासाठी सिद्ध झालेल्या आहेत. लोणारच्या गाळास त्या जशाच्या तशा लावल्यास तक्त्यात एखादे नाव सापडते खरे, परंतु ते भलतेच असू शकते.

शर्करा-किण्वनाची कसोटी हे याचे ठळक उदाहरण होय. फिनॉल रेड हा दर्शक सामू 6.8 च्या खाली पिवळा होतो. जीवाणूने ग्लुकोजपासून आम्ल निर्माण केले, तरी माध्यमातील सोडियम कार्बोनेट ते उदासीन करते. सामू 10 वरून फार तर 9 वर येतो आणि नळी लालच राहते. विद्यार्थी ‘ऋण’ अशी नोंद करतो. वस्तुतः येथे जीवाणूचा गुणधर्म नव्हे, तर माध्यमाचा गुणधर्म नोंदविला गेलेला असतो. थायमॉल ब्लू हा दर्शक 9.6 ते 8.0 या टप्प्यात निळ्याचा पिवळा होत असल्याने अधिक उपयुक्त ठरतो. तथापि खरा निर्वाळा गॅस क्रोमॅटोग्राफीने ॲसिटिक, ब्युटिरिक इत्यादी आम्ले मोजल्यावरच मिळतो. डरहॅम नळीची गतही तीच. कार्बन डायऑक्साइड अल्कधर्मी द्रवात विरून जातो. हायड्रोजन निर्माण झाला असल्यास तेवढाच बुडबुड्याच्या रूपाने दिसतो.

हायड्रोजन सल्फाइडच्या कसोटीत चूक अधिक सूक्ष्म आहे. सामू 7 ला या द्रव्याचा जवळपास निम्मा भाग वायुरूप होऊ शकणाऱ्या अवस्थेत असतो. सामू 10 ला हजारात एक भाग. उरलेले सर्व आयनरूपाने द्रवातच राहते. त्यामुळे नळीच्या तोंडाशी लावलेली लेड ॲसिटेटची पट्टी पांढरी राहते किंवा फार उशिरा काळवंडते. संवर्धाचा थोडासा भाग वेगळा काढून त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यास पट्टी लगेच काळी पडते. कार्बोनेटमुळे द्रव फसफसतो आणि सुटणारा वायू विषारी असतो. म्हणून हे काम धूर-कपाटातच करावे. माध्यमात लोहक्षार मिसळल्यास काळा साका सामूची फारशी पर्वा न करता दिसतो.

इंडोल कसोटीत कार्बोनेट अभिकर्मकातील आम्ल खर्च करून टाकते, म्हणून संवर्धातील इंडोल आधी झायलिनमध्ये काढून घेणे श्रेयस्कर. विनॉक्सी जीवाणूंच्या कॅटॅलेज कसोटीसाठी 15 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. अल्कधर्मी माध्यमात त्याचे आपोआपही विघटन होते, तेव्हा जीवाणू न घातलेले माध्यम शेजारी ठेवल्यावाचून बुडबुड्यांना अर्थ नाही. विनॉक्सी पात्रात कार्बन डायऑक्साइड सोडण्याची रूढ पद्धतही येथे अडचणीची आहे, कारण त्याने माध्यमाचाच सामू उतरतो. शुद्ध नायट्रोजन बरा.

नमुना कोठून घेतला, ही नोंद कसोटीइतकीच महत्त्वाची आहे. काठावर गोड्या पाण्याचे झरे असून त्यांच्या मुखाशी सामू उदासीनाजवळ येतो. तेथील जीवाणू व मधल्या गाळातील जीवाणू एकाच तक्त्यात बसविता येत नाहीत. परिसर अभयारण्य असल्याने नमुन्यासाठी वनविभागाची अनुमतीही आवश्यक असते.

मिथेनजनक सूक्ष्मजीवांपुढे तर हा तक्ता मुकाच होतो. ते आर्किया असून शर्करांवर वाढत नाहीत. पुण्यातील संशोधकांनी 2007 मध्ये लोणारच्या नमुन्यांतून मिथेनोकॅल्क्युलस व मिथेनोक्युलियस या प्रजातींचे सूक्ष्मजीव वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडवर होणारी वाढ, मिथेनचे मापन आणि एफ-420 या सहविकराची निळसर-हिरवी प्रतिदीप्ती या त्यांच्या खुणा. प्रजातीचे नाव मात्र 16 एस आर-आरएनए जनुकाच्या क्रमानेच ठरते. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याचे कारणही आर्कियाच, परंतु ते मीठप्रिय हॅलोआर्किया होते. तळातील मिथेनजनकांचा त्याच्याशी संबंध नव्हता.