रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोडला निघालात? आधी मदरबोर्डचं नाव बघा

गेम अडखळायला लागला की मित्रांचा पहिला सल्ला असतो, 'रॅम वाढव'. मग कर्जत-खोपोलीतून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचा बेत ठरतो. कर्जत लोकलने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. चुकीची रॅम आणली, तर हीच फेरी पुन्हा!

शिवाय रॅम आता स्वस्त राहिलेली नाही. एआय डेटा सेंटर्सची मागणी वाढल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशियल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे चूक महागात पडते.

कोणती रॅम बसेल?

हे ठरवतो तुमचा मदरबोर्ड. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खालची खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. जोर लावू नका, स्लॉट तुटेल.

- रायझन ५ ५६०० सारखे एएम४ सॉकेटचे प्रोसेसर: डीडीआर४
- रायझन ५ ७६०० सारखे एएम५ सॉकेटचे प्रोसेसर: फक्त डीडीआर५
- इंटेल १२वी ते १४वी पिढी: प्रोसेसरला दोन्ही चालतात, पण बोर्ड साधारणपणे एकाच प्रकारचा असतो. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.
- एच६१ बोर्डाचा जुना सेकंडहँड पीसी: डीडीआर३

लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला बसत नाही.

घरबसल्या कसं तपासायचं?

विंडोजच्या स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर मदरबोर्डचं मॉडेल दिसेल, त्याचा फोटो काढा. मग टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडा. सध्या किती रॅम आहे, तिचा स्पीड किती आणि किती स्लॉट वापरात आहेत, हे तिथे कळतं. बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलवर तपासलेल्या रॅमची यादी असते. तीही बघून घ्या.

एक घ्यायची की दोन?

१६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन घ्या. दोन्ही एकाच किटमधल्या असाव्यात. त्यामुळे ड्युअल चॅनल सुरू होतं आणि प्रोसेसरला डेटा जलद मिळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. चार स्लॉट असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो.

जुन्या रॅमसोबत नवी लावणार असाल, तर प्रकार एकच हवा. वेग वेगवेगळे असतील, तर दोन्ही कमी वेगाने चालतात. कधी कधी पीसी सुरूच होत नाही. म्हणून दुकानदाराला बदलून देण्याची अट आधी विचारा आणि बिल जपून ठेवा.

बसवल्यावर एक काम उरतं

पाकिटावर ३२०० लिहिलेलं असतं आणि टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवतो. बऱ्याचदा रॅम खराब नसते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्स्पो, हा पर्याय चालू करावा लागतो. बोर्ड आणि प्रोसेसरला तो वेग झेपत असेल, तर पैसे मोजलेला स्पीड तेव्हाच मिळतो.