मूळ कोणते, नक्कल कोणती?

शिरवळसारख्या नीराकाठच्या गावात सातबारा कोणाला ठाऊक नाही? उताऱ्याच्या नकलेवर घरी कितीही खाडाखोड केली, तरी मूळ दप्तर बदलत नाही. त्यासाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद व्हावी लागते. हितसंबंधितांना नोटीस जाते आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. जुने नावही कंसात शिल्लक राहते. या फेरफाराला इंग्रजीत 'म्यूटेशन' म्हणतात. संगणकशास्त्रातही हाच शब्द आहे; पण तेथे फेरफार नकळत होऊ शकतो.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधून 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू, तयार करतात. १९६७ च्या 'सिम्युला' भाषेपासून ही कल्पना रुजली. समजा, 'वर्ग' या वस्तूत हजेरी क्रमांकानुसार गुणांची यादी आहे: ४०, ३५, ४८. गुणवत्ता यादीसाठी आपण लिहितो, 'क्रमवारी = गुण'. आपल्याला वाटते, नक्कल झाली. जावा किंवा पायथनमध्ये मात्र त्याच यादीला दुसरे नाव मिळते, एवढेच. आता 'क्रमवारी' जागच्या जागी उतरत्या क्रमाने लावली, की 'गुण'ही ४८, ४०, ३५ असे होतात. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीचे ४८ गुण पहिल्याच्या नावावर जातात, तिच्या वाट्याला ३५ येतात. संगणक चूक दाखवत नाही. कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, क्रम लावण्याआधी खरी नक्कल करावी. यादीत आकड्यांऐवजी 'विद्यार्थी' या वस्तू असतील, तर वरवरची नक्कल पुरत नाही. यादी नवी, पण आतले विद्यार्थी तेच राहतात. त्यांच्यात बदल करायचा असेल, तर त्यांचीही नक्कल हवी. दुसरा, यादी वस्तूच्या आत खाजगी ठेवावी. बाहेर नक्कल द्यावी आणि बदल ठरावीक क्रियेतूनच, तपासून होऊ द्यावा. ही झाली आपली फेरफार नोंदवही! तिसरा, वस्तू अपरिवर्तनीय करावी. जावातील 'स्ट्रिंग' तशीच आहे: बदल मागितला, की नवी स्ट्रिंग मिळते, जुनी तशीच राहते.

नकलांना जागा आणि वेळ लागतो, म्हणून सरसकट नकला काढू नयेत. न बदलणारी वस्तू मात्र कितीही जणांना निर्धास्तपणे वापरता येते.

वर्गात हे शिकवताना आम्ही एक सुचवतो. फळ्यावर एक चौकोन काढून त्याच्याकडे दोन नावांचे बाण दाखवावेत आणि विचारावे, "चौकोन किती? नावे किती?" या प्रश्नाचे उत्तर पटले, की निम्मा विषय समजला.