कांचतंतूंचा अग्निबाण

दिवाळींत मुलें बाटलींत बाण उभा करतात, वात पेटवितात आणि बाण सूं करून आकाशांत गेला कीं टाळ्या पिटतात. वर उधळलेल्या ताऱ्यांकडे सर्वांचें लक्ष असतें. परंतु त्या बाणाची जळकी काडी कोणाच्या कौलांवर पडली कीं कोणाच्या गवताच्या गंजीवर, याची चौकशी करण्याच्या भानगडींत कोणी पडत नाहीं. बाणाचें काम वर जाणें. तें झालें कीं त्याचा अवतार संपला. अमेरिकेंतील हौशी लोक जे मोठे अग्निबाण घरीं जुळवून उडवितात, त्यांचा न्याय मात्र याच्या अगदीं उलट आहे. तेथें बाण किती उंच गेला हें मागाहून विचारतात. तो धडधाकट परत आला कीं नाहीं, हें आधीं पाहतात. या एका नियमानें बाणाच्या बांधणीतील प्रत्येक सांध्याला कसें वळण लावलें आहे, हेंच येथें सांगावयाचें आहे.

या छंदाच्या मुळाशींच परतीचा विचार आहे. नेब्रास्का संस्थानांतील नॉरफोक गांवीं ऑर्व्हिल कार्लाइल नांवाचे पादत्राणांचे एक दुकानदार राहत. त्यांस शोभेच्या दारूचा नाद होता, तर त्यांचे बंधु रॉबर्ट यांस विमानांच्या प्रतिकृतींचा. १९५४ सालीं कार्लाइल यांनीं कागदी नळीचा एक हलका बाण सिद्ध केला. त्याच्या बुडाशीं दारूचें नळकांडें असे व तें दर उड्डाणानंतर बदलतां येई. पोटांत घडी केलेली छोटी हवाई छत्री असे. व्हाइट सँड्स येथील अग्निबाणांच्या क्षेत्रावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांचा अग्निबाणांच्या सुरक्षिततेवरील लेख १९५७ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. तो वाचून कार्लाइल यांनीं आपले नमुने त्यांजकडे धाडले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत रशियाचा ‘स्पुटनिक’ पृथ्वीभोंवतीं फिरूं लागला आणि अमेरिकेंतील शाळकरी मुलें घरीं कालविलेली दारू लोखंडी नळ्यांत ठासूं लागलीं. अशा प्रयोगांत अनेकांस गंभीर इजा झाल्या. कार्लाइल-स्टाइन यांच्या मार्गानें या वेडाला शिस्त लाविली. दारू स्वतः करावयाची नाहीं, धातूची नळी वापरावयाची नाहीं, आणि बाण छत्रीनें परत आणावयाचा, हे त्या शिस्तीचे आधार. हौशी लोकांची राष्ट्रीय संस्थाही १९५७ सालींच निघाली.

कालांतरानें लहान कागदी बाणांनीं कित्येकांचें समाधान होईना. १९८२ सालीं ओहायो संस्थानांतील मेदायना येथें मोठ्या बाणांचा पहिला मेळावा भरला. त्याचें ‘मोठीं धोक्याचीं अग्नियानें’ हें नांव विनोदानें ठेवलेलें असलें, तरी त्यांत सत्याचा अंश होता. मोठ्या बाणांची शक्ति समजून घेण्यास तेथील मोजमाप पाहिलें पाहिजे. प्रत्येक मोटरीवर इंग्रजी वर्णमालेंतील एक अक्षर असतें, व पुढील प्रत्येक अक्षरास शक्तीची मर्यादा दुप्पट होते. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट श्रोत्यांस ठाऊक असेलच. तोच हा हिशेब. ‘ए’ मोटरीची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद; सात वेळां दुप्पट केली कीं ‘एच’ मोटरीची ३२० होते. ‘एच’ पासून पुढें दाखला लागतो व उडविणाऱ्याचें वय निदान १८ वर्षें असावें लागतें. ‘एच’ व ‘आय’ साठीं पहिली पायरी, ‘जे’ ते ‘एल’ साठीं लेखी परीक्षेसह दुसरी, आणि ‘एम’ ते ‘ओ’ साठीं तिसरी. प्रत्येक पायरीवर उमेदवारानें अधिकारी सभासदासमक्ष बाण उडवून दाखवावा लागतो. बाण पुन्हां उडविण्याजोग्या स्थितींत परत आला, तरच दाखल्यावर सही होते.

आतां या बाणाच्या देहाकडे वळूं. लहान मोटरीस कागद व हलकें लांकूड पुरतें. मोठी मोटर बाणास एका सेकंदाच्या आंत प्रचंड वेग देते व तेथें कागदी नळी चुरगळण्याचा संभव असतो. म्हणून फायबरग्लास वापरतात. कांचेचे केसाहून बारीक तंतु घ्यावयाचे, ते इपॉक्सी नांवाच्या राळेंत भिजवून गुळगुळीत दांड्याभोंवतीं तिरपे गुंडाळावयाचे, आणि राळ घट्ट झाली कीं दांडा काढून घ्यावयाचा. म्हणजे नळी तयार झाली. ओढ सोसण्याचें काम तंतु करतात व त्या तंतूंस जागच्याजागीं धरण्याचें काम राळ करते. कुडाच्या भिंतींत कामट्या आणि माती एकमेकांस जसें साह्य करतात, तसाच हा प्रकार होय. अशी नळी ओलीनें फुगत नाहीं, सहसा वांकत नाहीं, आणि ओबडधोबड जमिनीवर उतरली तरी तिला सहसा कांहीं होत नाहीं.

परंतु हा गुण दुधारी आहे. कागदी बाण छत्रीवांचून पडला तर स्वतः चिरडतो. फायबरग्लासचा दोन-तीन किलो वजनाचा बाण एक किलोमीटर उंचीवरून नाक खालीं करून आला, तर ताशीं कित्येक शें किलोमीटर वेगानें येतो आणि जें खालीं सांपडेल त्याला चिरडतो. द्रव्य जितकें मजबूत, तितकी बांधणाऱ्याची जबाबदारी मोठी.

विकत मिळणाऱ्या संचांत साधारणतः दोन मोठ्या नळ्या, टोंकाचा शंकु, तीन-चार पंख, मोटर बसविण्याची आंतील बारीक नळी, तिला बाहेरच्या नळीच्या मध्यभागीं धरणाऱ्या कड्या, दोन नळ्यांमधील जोडनळी, दोर व छत्री इतकें सामान असतें. पाहणाऱ्यास वाटतें, हें तर एका दुपारचें काम. वस्तुतः पहिला दिवस चिकटविण्यांत जातच नाहीं. प्रथम सर्व भाग राळ न लावतां एकमेकांत बसवून पाहतात. कोठें घट्ट होत असेल तेथें कानस फिरवितात. नंतर जेथें जेथें राळ लागावयाची, तेथील चकाकी पॉलिश पेपरनें घासून काढतात. नळी दांड्यावरून सहज सुटावी म्हणून कारखान्यांत जें मेणासारखें द्रव्य लावतात, त्याचा अंश तिच्यावर राहिलेला असूं शकतो. शिवाय आरशासारख्या पृष्ठभागावर राळेला पकड घेण्यास जागाच मिळत नाहीं. पृष्ठभाग स्वच्छ झाला कीं नाहीं, हें ओळखण्याची युक्ति कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे: त्यावर पाणी ओतावें. तेलकट ताटावर जसे थेंब जमतात तसे जमले, तर काम अपुरें. पाणी एकसारखें पसरलें, तर तयारी पुरी. घासतांना कांचेची धूळ उडते, ती कातडीस खाजविते व श्वासांत जाणें वाईट; म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधून व पाणी लावून घासतात. राळ हाताळतांना हातमोजे घालतात, कारण एकदां तिचें वावडें झालें कीं तें बहुधा जन्मभर सुटत नाहीं.

ही इपॉक्सी राळ डिंकाप्रमाणें वाळून चिकटत नाहीं. मूळ राळ व तिला घट्ट करणारें दुसरें द्रव्य यांचा रासायनिक संयोग होऊन ती घट्ट बनते. यास्तव दोहोंचें प्रमाण ठरल्याप्रमाणें मोजून घ्यावें लागतें. लवकर घट्ट व्हावी म्हणून दुसरें द्रव्य अधिक घातल्यास सांधा बळकट न होतां अर्धवट राहतो. संयोगांत उष्णता निघते. एकाच पेल्यांत पुष्कळ राळ कालविली, तर पेला हातांत धरवत नाहीं व कधीं धूरही निघतो. म्हणून थोडथोडी कालवून काम करणें शहाणपणाचें.

बांधणीचें मर्म पंखांच्या सांध्यांत आहे. पंख बाहेरून नळीला नुसते चिकटविलेले नसतात. नळीला उभ्या खांचा असतात. पंखाची जीभ त्या खांचेंतून आंत जाऊन मोटरीच्या नळीला भिडते. तेथें, म्हणजे आंतल्या नळीशीं, एक सांधा. बाहेरच्या नळीच्या आंतील अंगास दुसरा. आणि बाहेरील अंगास तिसरा. प्रत्येक कोनांत राळेचा गोलसर भराव देतात, म्हणजे ताण एका रेषेवर न पडतां पसरतो. येथें क्रम चुकला तर सुधारतां येत नाहीं. मागची कडी आधींच चिकटवून टाकली, तर आंतील कोनांपर्यंत हात पोंचणार नाहीं. छत्रीचा दोर मोटरीच्या नळीशीं पक्का करावयाचा असेल, तर तोही पुढील भाग बंद होण्यापूर्वींच केला पाहिजे. शेवटची कडी बसली कीं हें सारें काम कायमचें दृष्टीआड होतें. पुढें बाहेरून कितीही सुंदर रंग दिला, तरी बाण टिकतो तो या न दिसणाऱ्या सांध्यांवर. देवळाचा कळस लोक पाहतात. पायाचा दगड गवंड्यालाच ठाऊक असतो.

बाण सरळ कां जातो, हेंही समजून घेतलें पाहिजे. वातकुक्कुटाची शेपटी खुंटाच्या मागें मोठी असते, म्हणून वारा तिला मागें लोटतो व चोंच वाऱ्याकडे राहते. बाणाचा खुंट म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य, आणि वाऱ्याचा एकंदर दाब जेथें एकवटतो तो दाबमध्य. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागें, निदान नळीच्या व्यासाइतका तरी, असावा असा नियम आहे. म्हणजे ७५ मिलिमीटर व्यासाच्या बाणास निदान ७५ मिलिमीटर. हा दाबमध्य गणितानें काढण्याची सुलभ रीति जेम्स बॅरोमन यांनीं १९६६ सालीं हौशी लोकांपुढें मांडली व ती आजही वापरली जाते. गुरुत्वमध्य काढण्यास गणित नको; भरलेल्या मोटरीसह बाण दोरींत आडवा टांगला कीं तो सांपडतो. मोटरीचें वजन शेपटाकडे असतें, म्हणून ती न बसवितां केलेली मोजणी फसवी ठरते.

आतां परतीची योजना पाहूं. दोन नळ्यांमधील जोडनळींत एक छोटासा विजेचा उंचीमापक बसवितात. जमिनीजवळ दर १०० मीटर चढल्यावर वायुभारमापकांतील पारा सुमारें ९ मिलिमीटर उतरतो. हाच हवेच्या दाबाचा फरक हें यंत्र ओळखतें. बाहेरची हवा त्याला समजावी म्हणून नळीला बारीक भोकें ठेवतात. तीं विसरलीं तर यंत्र आंधळें. दाब उतरावयाचा थांबला, म्हणजे बाण शिखरावर पोंचला, हें जाणून यंत्र बंदुकीच्या दारूची एक चिमूट पेटवितें. तिच्या वायूनें नळ्या विलग होतात व एक लहान छत्री बाहेर पडते. मोठी छत्री तेथेंच उघडली, तर वारा बाणास मैलोगणती वाहून नेईल. म्हणून बाण लहान छत्रीवर वेगानें खालीं येतो, आणि सुमारें १५० मीटरांवर दुसरा बार होऊन मोठी छत्री उघडते. तोंवर पुढचा भाग आपोआप सुटूं नये यासाठीं नायलॉनच्या बारीक खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या बाराच्या जोरानें तुटाव्यात, परंतु पहिल्या हिसक्यानें तुटूं नयेत. हा तोल अंदाजानें साधत नाहीं. मोटर न बसवितां, माणसें दूर उभीं करून, जमिनीवरच बार उडवून पाहतात. नळ्या स्वच्छ सुटल्या तरच बाण मैदानावर न्यावयाचा.

मैदानावर सुरक्षाधिकारी प्रत्येक बाण हातांत घेऊन तपासतो. पंख हलवून पाहतो, दोर ओढतो, वजन विचारतो. मोटरीचा सरासरी जोर बाणाच्या वजनाच्या निदान तिप्पट हवा; वारा ताशीं २० मैलांहून अधिक असेल तर उड्डाण नाहीं; ‘आय’ मोटरीपासून माणसांनीं निदान १०० फूट दूर राहिलें पाहिजे; आणि पेटविणें विजेनेंच, काडीनें कधींही नाहीं. शेवटीं पांचांपासून उलट मोजणी होते व बाण रुळावरून सुटतो. मोटर बहुधा दोन-चार सेकंदांतच जळून जाते. त्यानंतरचें सारें उड्डाण मौनाचें असतें. याच मौनांत उमेदवाराची खरी परीक्षा चालू असते. वर एक बारीकसा ठिपका दुभंगतो, क्षणभरानें बाराचा आवाज कानीं येतो, आणि मग मोठी छत्री फुलली कीं कित्येक आठवड्यांच्या श्रमांचें चीज होतें. खालीं येणारा बाण हातांत झेलण्यास नियमानें बंदी आहे. तो जमिनीवर टेकल्यावर शोधून आणावयाचा, अधिकाऱ्यापुढें ठेवावयाचा, आणि मग सही.

आपल्याकडील उत्साही मुलांस येथें एक सूचना अवश्य आहे. स्फोटक द्रव्यांविषयींचा कायदा आपल्या देशांत १८८४ पासून आहे. परवान्यावांचून असले प्रयोग घरीं करणें बेकायदेशीर तर आहेच, पण जिवाशीं खेळही आहे. राळेचा सांधा, गुरुत्वमध्य व दाबमध्य यांचे धडे मात्र दारूवांचूनही पतंगावर अथवा लहान विमानावर घेतां येतात.

महाभारतांत अश्वत्थाम्यानें व अर्जुनानें दोघांनींही ब्रह्मास्त्र सोडलें. तें आवरून घ्या असें ऋषींनीं सांगतांच अर्जुनानें आपलें अस्त्र परत घेतलें. अश्वत्थाम्यास तें साधेना आणि त्याचें अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडलें. अस्त्र सोडण्याची विद्या दोघांपाशीं होती. उपसंहाराची विद्या एकालाच होती, आणि थोर धनुर्धर आपण त्यालाच म्हणतों. मैदानावरील तो अधिकारी जेव्हां बाण जमिनीवर टेकेपर्यंत लेखणी उचलीत नाहीं, तेव्हां तोही हाच भेद पाहत असतो.