गरोदरपणातली शुगर: दोष ताटाचा नाही

गरोदर सुनेचा रिपोर्ट वाढीव आला की घरात पहिला ठपका येतो तिच्या खाण्यावर. "डोहाळ्यात गोड लय खाल्लं." बाभुळगावात काय नि यवतमाळात काय, हे ऐकू येतंच. त्या बाईवर हा अन्याय आहे. खाण्यानं शुगर कमी-जास्त होते, पण या आजाराचं मूळ वारेत आणि स्वादुपिंडात आहे.

वार बाळाला पोसते, तशी हार्मोन्सही बनवते. पाचव्या महिन्यानंतर ती इतकी वाढतात की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होऊ लागतो. त्यामुळे रक्तातली साखर आईच्या स्नायूंत मुरण्याआधी बाळाला मिळते. मात्र शुगर आवरायला आईला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन लागतं. ते येतं कुठून? उत्तर जनुकांच्या कामात आहे.

जनुकं जन्मतः मिळतात, पुढे त्यांच्यात काही घडत नाही, असं बहुतेकांना वाटतं. जनुकं तीच राहतात, हे खरं. त्यांचं काम मात्र बदलतं. इन्सुलिनचं जनुक आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत, ११व्या गुणसूत्रावर असतं, पण ते कामाला लागतं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत. गरोदरपणात वारेतलं प्लॅसेंटल लॅक्टोजेन आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन ही दोन्ही हार्मोन्स या पेशींवरच्या एकाच रिसेप्टरला चिकटतात. आत 'स्टॅट-५' नावाचं प्रथिन जागं होतं, पेशीकेंद्रात शिरतं आणि डीएनएवर बसून ठरावीक जनुकं चालू करतं. २०१० साली उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की या हार्मोन्समुळे बीटा पेशी स्वतःच सेरोटोनिन नावाचं रसायन बनवू लागतात आणि त्यामुळे त्यांची संख्या वाढते. माणसात ही वाढ बरीच कमी असते. वाढती गरज बीटा पेशींना झेपली नाही, की शुगर चढते.

"आमच्या घरात कोणालेच नाही, अन् पोरगी तर काडीसारखी," हेही नेहमीचंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, दिसायला किडकिडीत, पण वजनाच्या मानानं अंगात चरबी जास्त. बारीक अंगकाठीवर विसंबून तपासणी टाळू नये, ते एवढ्यासाठी.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. जेवण झालेलं असलं तरी चालतं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करायची, कारण वारेचा जोर तेव्हा वाढलेला असतो.

इन्सुलिनच्या सुईनं बाळाला अपाय होतो, ही भीती सर्वांत घातक. इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत फारसं जातच नाही. साखर मात्र सहज जाते. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, अंगानं वाढतं, आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर थांबताच त्याची शुगर एकदम घसरू शकते.

वार पडली की हार्मोन्स ओसरतात आणि बहुतेकींची शुगर उतरते. आजार कायमचा गेला, असं मात्र धरू नये. पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला जाल, तेव्हाच आईचीही ग्लुकोजची तपासणी करून घ्यावी. या वेळी मात्र तिनं उपाशीपोटी जायचं.