फूल, दोन पानं आणि मुंडकाराची भिंत

आरोंद्याला खाडीच्या काठी उभं राहिलं की पलीकडे गोव्याच्या पेडण्यातलं किरणपाणी दिसतं. माड तेच, पेजही तीच. कायदा मात्र खाडी ओलांडत नसे.

पलीकडच्या मुंडकाराचं बघा. भाटकाराच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, घर करून राहणारा तो मुंडकार. माती त्याने मळली, भिंत त्याने घातली, झावळांनी शाकारलं त्यानेच. जमीन मात्र भाटकाराची. त्या जागेचा मोबदला तो राबून फेडी. रात्री नारळांवर राखण ठेवायची, भाटकाराकडे कार्य निघालं की बायकामुलांसकट हजर व्हायचं. हातात कागद कसलाच नाही. मर्जी फिरली तर बिऱ्हाड उचलायचं. कूळ वेगळं, ते खंडाने शेत करतं. पण एकच माणूस दोन्ही असू शके. मुंडकाराला कुणी बाजारात विकत नव्हतं, तेव्हा त्याला गुलाम म्हणणं चुकीचं. मोकळा म्हणायलाही जीभ रेटत नाही.

खाडीच्या अलीकडे, आमच्याकडे, 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक मानलं होतं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि 1963 च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हवं होतं. बहुजन समाजातल्या अनेकांना त्यात भाटकाराच्या कचाट्यातून सुटण्याची वाट दिसली. प्रदेशाचा दर्जा आणि माणसाचं बांधलेपण असं एकात एक अडकलं. अमेरिकेत 1854 नंतर कॅन्ससचं असंच झालं होतं: राज्य व्हायचं, पण गुलामगिरीसह की तिच्याविना? तिथे रक्त सांडलं. गोव्यात जनमत कौल घ्यायला मतपेट्या ठेवल्या.

16 जानेवारी 1967. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं, पानांना 1,72,191. पेडणे, डिचोली, सत्तरी फुलाकडे झुकले, सासष्टी पानांकडे. पण हा सरळ भाटकार विरुद्ध मुंडकार असा हिशोब नव्हता. सासष्टीत ख्रिस्ती भाटकार आणि त्याचाच ख्रिस्ती मुंडकार यांनी एकाच चिन्हावर शिक्का मारल्याची उदाहरणं विपुल असणार, कारण भाषा, धर्म आणि गोंयकारपण पोटाइतकंच जवळचं होतं. आणि फुलाचे पुढारी भाऊसाहेब तर स्वतः खाणमालक!

गंमत पुढे आहे. कौल हरलेला पक्ष दोनच महिन्यांनी निवडणूक जिंकून सत्तेवर परतला. विलीनीकरण गेलं, भिंतीचा प्रश्न राहिला. 1964 च्या कुळकायद्याने खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यावर आणला होताच. मुख्यमंत्री शशिकला काकोडकरांच्या काळात 1975 चा मुंडकार कायदा आला: मुंडकाराला मर्जीप्रमाणे हुसकावता येणार नाही, आणि घर व भोवतालची जागा तो विकत घेऊ शकेल. भोवतालची म्हणजे किती? भिंतीपासून पाच मीटर. 1987 साली गोवा राज्य झाला, तेव्हाही मामलेदाराकडे तीच फीत धरून तंटे चालू होते.