तिमे
प्राचीन ग्रीक भाषेतील एक मूल्यवाचक संज्ञा. व्यक्तीचा मान व वस्तूची किंमत हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दाने व्यक्त होतात. योग्यता ही इतरांनी ठरवावयाची व उघडपणे मान्य करावयाची गोष्ट आहे, ही कल्पना या अर्थांच्या मुळाशी दिसते. ती ठरविणारे कोण व तिचे माप कोणते, हे मात्र कालानुसार बदलत गेले.

होमरच्या इलियड या महाकाव्यात योद्ध्याची तिमे त्याला लुटीतून मिळालेल्या मानाच्या वाट्यावरून प्रकट होते. ॲगमेम्नॉनने ब्रायसेइस ही बंदिनी हिरावून घेताच अकिलीझ युद्धातून निवृत्त झाला. कारण सर्व सैन्यासमक्ष झालेला तो मानभंग होता. अपराधाबद्दल द्यावयाची भरपाई, असाही या शब्दाचा अर्थ त्याच काव्यात आढळतो.

नगरराज्यांच्या काळात मान देण्याचा अधिकार नागरिकसमूहाकडे आला आणि ‘तिमाय’ हे अनेकवचन शासकीय पदांना उद्देशून वापरले जाऊ लागले. याउलट अथेन्समध्ये ‘अतिमिया’ म्हणजे नागरी हक्कांचा लोप. अशा व्यक्तीस नागरिकसभेत बोलण्याचा, न्यायपंच होण्याचा वा पद धारण करण्याचा अधिकार नसे. राज्याचे ऋण न फेडणाऱ्यावरही ही आपत्ती येई व ऋणाबरोबर ती वारसांकडे जाई.

‘तिमेमा’ या साधित शब्दाचा अर्थ मालमत्तेचे मूल्यांकन असा होतो. त्यामुळे ‘तिमोक्रसी’ म्हणजे प्लेटोच्या मते मानलोलुपांचे राज्य, तर ॲरिस्टॉटलच्या मते मालमत्तेच्या निकषावर आधारलेले राज्य होय. न्यायालयातील दंडनिश्चितीसही याच धातूपासून बनलेला शब्द रूढ होता. इ. स. पू. ३९९ मधील अभियोगात आपली योग्यता सार्वजनिक खर्चाने भोजन मिळण्याची आहे, असे सॉक्रेटीसने सांगितल्याचे प्लेटो नमूद करतो. समूहाने केलेल्या मूल्यमापनालाच हे आव्हान होते. मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असल्याने तो परमश्रेय ठरू शकत नाही, असे पुढे ॲरिस्टॉटलने प्रतिपादिले.

‘नव्या करारा’त येशूला पकडून देण्यासाठी दिलेल्या चांदीच्या ३० नाण्यांनाही हाच शब्द योजिला आहे. आधुनिक ग्रीकमध्ये (उच्चार ‘तिमी’) मान व किंमत हे दोन्ही अर्थ टिकून आहेत. संस्कृतातील ‘अर्घ’ या शब्दातही मूल्य व पूजोपचार असे दोन अर्थ आढळतात; मराठीतील ‘महाग’ व ‘अर्घ्य’ हे शब्द त्याच्याशीच संबंधित आहेत.